किती सीसीचं किट बसेल, हे शेवटी विचारा

मंडळी, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मागच्यांना आवाज येत नसेल तर सांगा, बाहेर कुणीतरी गाडी चालू ठेवलीय ती बंद करा आधी.

तर विषय ठरलेला आहे, चेतक, सुपर, एलएमएल, व्हेस्पा, असल्या टू-स्ट्रोक स्कूटरला मोठा ब्लॉक-पिस्टन, म्हणजे ज्याला किट म्हणतात तो, बसवायचा तर निवडायचा कसा. माझ्याकडे जो येतो त्याचा पहिला प्रश्न एकच, "किती सीसीचं बसेल?" आणि मी उलटं विचारतो की गाडी कुठे चालवता? रोज कर्वे रोडच्या सिग्नलला, का रविवारी सिंहगडला, का दोघं बसून सामान लावून महाबळेश्वर? कारण किटच्या डब्यावर जो सीसीचा आकडा आहे ना, तो त्या किटबद्दल सगळ्यात कमी सांगतो.

गणित करून टाकू म्हणजे डोक्यातनं जाईल. चेतकचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 57 मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) 57 मिमी, त्यातून 145 सीसी निघतात. व्हेस्पा पीएक्स 150 चा बोअर 57.8, म्हणजे दीडशेला जरा कमी. स्ट्रोक तोच ठेवून बोअर 63 केला की 177 सीसी होतात, म्हणून हा 177 आकडा तुम्हाला सगळीकडे दिसतो, कंपनी कुठलीही असो, डीआर 177, पोलिनी 177, पिनास्को 177, बीजीएम 177. मालोसीचं जुनं किट आहे ते 61 बोअरचं, 166 सीसी. आता गंमत बघा, त्या 166 ला बरेचजण 177 पेक्षा जास्त 'तिखट' म्हणतात, सीसी कमी असून. का? तर पोर्ट.

टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व नसतात, पिस्टनच खाली-वर होताना भिंतीतली पोर्टं, म्हणजे गॅस आत-बाहेर जायची भोकं, उघडतो आणि झाकतो, म्हणजे पोर्टाची वरची कड किती उंचीवर कापलीय त्यावर इंजिनचा स्वभाव ठरतो. एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या एका फेऱ्यात किती अंश उघडं राहतं आणि ट्रान्सफर, म्हणजे खालच्या क्रँककेसमधून ताजा चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) वर आणणारं पोर्ट, किती अंश, हे दोन आकडे माहीत झाले की निम्मं किट कळलं. साधारण टूरिंगसाठी ट्रान्सफर 120 च्या आसपास आणि एक्झॉस्ट 170-175 असं काहीतरी असेल तर गाडी खालूनच ओढते, चौथ्यात 40 च्या स्पीडनेही कुरकुरत नाही. ट्रान्सफर 128-130 आणि एक्झॉस्ट 185 च्या पुढे गेलं की खाली काहीच नाही, आणि वर एकदम धक्का. ज्याला असं धक्क्याचं आवडतं त्याने खुशाल घ्यावं, पण मग सिग्नलला क्लच जळतो म्हणून माझ्याकडे येऊ नये.

यातला तिसरा आकडा लोक बघतच नाहीत, ब्लोडाउन. एक्झॉस्ट आधी उघडतं, ट्रान्सफर नंतर, मधल्या वेळात जळलेला गॅस बाहेर पडून सिलिंडरचं प्रेशर उतरलं पाहिजे, नाहीतर ट्रान्सफर उघडल्यावर तोच गॅस खाली केसमध्ये घुसतो आणि ताजा चार्ज अडतो. एक्झॉस्टमधून ट्रान्सफर वजा करा, भागिले दोन. 176 आणि 120 असेल तर 28 अंश, ठीकठाक. आता आपल्याकडे एक जुगाड फार चालतो, ब्लॉकखाली जाड पॅकिंग घालायचं, पोर्टं वर उचलली जातात, गाडी पळते म्हणतात. पण 57 स्ट्रोकच्या इंजिनात ब्लॉक 1 मिमी उचलला तर एक्झॉस्ट साधारण चार-सव्वाचार अंशांनी वाढतं आणि ट्रान्सफर पाच-साडेपाचने, कारण ट्रान्सफर बीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात खालच्या टोकाच्या) जवळ आहे आणि तिथे पिस्टन हळू सरकतो. म्हणजे ब्लोडाउन वाढायच्या ऐवजी कमीच झालं की! वरून स्क्विश, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर हेडच्या कडेशी उरणारी फट, वाढला, कॉम्प्रेशन उतरलं. पॅकिंग घालायचं तर हेड तेवढंच घासून घ्यायचं आणि सगळं परत मोजायचं, नाहीतर हात लावू नका.

मोजायला काय लागतं? फ्लायव्हीलला डिग्रीची चकती, तारेचा एक काटा, आणि शांत डोकं. स्क्विशसाठी सोल्डरची तार, प्लगच्या भोकातून आत घालायची, इंजिन हाताने टीडीसीवरून (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या टोकावरून) फिरवायचं आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं, पण पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना मोजा, आडवं मोजलं तर पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो. एक ते दीड मिमीत राहा. एकच्या खाली गेलात तर गरम झाल्यावर कनेक्टिंग रॉड ताणून पिस्टन हेडला टेकायची भीती, दोनच्या वर गेलात तर स्क्विशचा उपयोगच संपला, कडेचं मिक्स्चर नीट जळत नाही आणि डेटोनेशनला, म्हणजे मिक्स्चर अवेळी स्फोटासारखं पेटण्याला, आमंत्रण.

लोखंड का अॅल्युमिनियम, हा दुसरा वाद. डीआर आणि साधं पोलिनी हे कास्ट आयर्नचे ब्लॉक, पिनास्को, बीजीएम, मालोसी 166 अॅल्युमिनियमचे. पिस्टन तर कुठेही अॅल्युमिनियमचाच असतो, आणि अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. लोखंडी ब्लॉकमध्ये पिस्टन पटकन फुगतो, ब्लॉक मागे राहतो, म्हणून फट जास्त ठेवावी लागते, किटच्या कागदावर जी दिलीय ती मोजूनच घ्या, बोअरवाल्याच्या "नेहमी एवढंच ठेवतो" वर जाऊ नका. सकाळी थंड गाडीला किक मारून लगेच फुल रेस दिली तर चारही बाजूंनी पकडतो तो पिस्टन, काढल्यावर चार कोपऱ्यांवर ओरखडे दिसतात, तेव्हा ऑइलला शिव्या देऊ नका. अॅल्युमिनियमचा ब्लॉक पिस्टनबरोबर फुगतो, उष्णताही लवकर बाहेर टाकतो, मे महिन्यात दिवे घाट चढताना हा फरक खरंच जाणवतो.

मग सगळ्यांनी अॅल्युमिनियमच घ्यावं? मी तसं म्हणत नाही. अॅल्युमिनियमच्या आत निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, निकासिल म्हणतात ते, तो खरवडला गेला की बोअर करून ओव्हरसाईज घालता येत नाही, थर परत चढवायचा किंवा नवा ब्लॉक मागवायचा. लोखंडी ब्लॉक भोसरीत कुठल्याही चांगल्या बोअरिंगवाल्याकडे नेला, ओव्हरसाईज पिस्टन हातात असला, तर संध्याकाळपर्यंत गाडी उभी. रोजच्या गाडीला, पहिल्याच किटला, माझं मत लोखंडाकडे. ज्याचा जेटिंगवर (कार्बुरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा जेट निवडण्यावर) हात बसलाय त्याने अॅल्युमिनियम घ्यावं. (यावर इथे पुढच्या रांगेत दोघांच्या भुवया वर गेल्यात, नंतर चहाला भांडू.)

आता किट घ्यायच्या आधी खालचं इंजिन बघा, हे मी हात जोडून सांगतो. व्हेस्पाच्या आणि चेतकच्या इंजिनात इनलेटला रीड (पातळ पत्तीची झडप) नाही, क्रँकचं वेबच (त्याची जाड चकती) फिरताना केसमधलं भोक उघडतं-झाकतं, आणि त्या दोघांमधली फट काही शतांश मिलिमीटरची असते. तिथे एकदा बेअरिंगचा तुकडा किंवा पिस्टनचा कचरा फिरला की ओरखडे पडतात, मग कार्बुरेटरमधून पेट्रोल उलटं फवारतं, आणि वर तुम्ही इटलीचं किट लावा का जपानचं, खालून ओढ येणारच नाही. तपासायला सोपं आहे, क्रँक फिरवून भोक बंद करायचं, वरून थोडं ऑइल ओतायचं आणि किती वेगाने आत उतरतंय ते बघायचं. एलएमएलमध्ये अशी वेबने भोक झाकणारी, म्हणजे रोटरीवालीही इंजिनं आली आणि रीडवालीही, त्यामुळे "एलएमएलचं किट द्या" एवढंच सांगून नाना पेठेतून काही उचलू नका. ट्रान्सफर दोन आहेत का तीन, केसचं तोंड किती मिलिमीटर, पिस्टन पिनचा व्यास किती, हे स्वतः मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. तिसरं ट्रान्सफर किटमध्ये आहे आणि केसमध्ये नाही, असं असलं तर ते पोर्ट नुसतं शोभेचं.

क्रँकची ऑइल सीलं तर न विचारता बदला. जुनं सील सुकलेलं असतं, साध्या ब्लॉकवर दहा वर्षं चालून जातं, मोठ्या किटवर तिथूनच हवा खेचते, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, आणि पिस्टनला भोक पडतं. मग मेकॅनिक म्हणतो किट डुप्लिकेट होतं.

कार्बुरेटरचं मी थोडक्यात उरकतो. साध्या टाइमिंगच्या (पोर्टांचे अंश कमी असलेल्या) 177 ला जुना 20-20 कार्बुरेटर चालतो, मेन जेट मोठा टाकायचा. सायलेन्सर मूळचाच ठेवला तर थोडा, एक्स्पान्शन चेंबर (पोट फुगीर असलेला रेसिंग सायलेन्सर) लावला तर बराच मोठा. चेंबरमधून प्रेशरची लाट परत येऊन बाहेर सुटलेला ताजा चार्ज आत ढकलते, पण ती ठराविक आरपीएमलाच वेळेवर पोचते, म्हणून चेंबर आणि एक्झॉस्टचं टाइमिंग जोडीने निवडायचं असतं, मित्राकडे पडून होता म्हणून लावला असं नाही. इग्निशन मोठ्या बोअरला थोडं मागे घ्या, टीडीसीच्या आधी 18 अंशांच्या आसपास. प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर टाकणारा. आणि फॅनचं पत्र्याचं कव्हर दिसायला भारी म्हणून काढून फिरतात काही पोरं, त्यांना काय बोलावं!

गिअर. चार गिअरच्या या गाड्यांना तिसरा आणि चौथा यांच्यात अंतर मोठं आहे. कात्रजच्या चढावर तिसऱ्यात गाडी मस्त किंचाळत जाते, चौथा टाकला की आरपीएम धाडकन खाली, आणि तुमच्या किटची ताकद जर अरुंद पट्ट्यात असेल तर त्या पट्ट्याच्या बाहेर. परत तिसरा. पूर्ण घाट असाच. म्हणून घाटात जाणाऱ्याला मी कमी टाइमिंगचंच किट सांगतो, दोन-तीन घोडे वाढतात पण ते पाहिजे तिथे मिळतात, वर क्लचला एखादा दात जास्त लावून गिअरिंग लांब करता येतं आणि गाडी 60-65 ला आरामात झोपते.

किनेटिक होंडावाले विचारतायत. तुमचं प्रकरण उलटं आहे. 98 सीसी, गिअर नाही, व्हेरिएटर (बेल्टवर आपोआप गिअरिंग बदलणारी यंत्रणा) आहे, आणि व्हेरिएटर इंजिनला एका आरपीएमवर धरून ठेवतो. मग अरुंद पट्ट्याचं किटही चालतं, फक्त व्हेरिएटरचे रोलर हलके करून तो आरपीएम पट्ट्यावर आणून बसवायचा. रोलर न बदलता किट बसवलं तर गाडी आधीपेक्षा आळशी वाटेल.

आरटीओचंही बोलून घेतो. आरसीवर सीसी लिहिलेली असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला परवानगी नाही. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला जाताना काय ते तुमचं तुम्ही बघा, मूळचा ब्लॉक मात्र भंगारात घालू नका, ऑइल लावून कपाटात ठेवा.

आणि एक नवीन भानगड, पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर गाडी पूर्वीपेक्षा लीन चालते, आणि किटच्या कागदावर दिलेला जेट हे पेट्रोल धरून दिलेला नसेल. त्यापेक्षा दोन-तीन नंबर मोठ्यावरून सुरुवात करा आणि हळूहळू खाली या. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, सिंहगड 1300 च्या पुढे, वर हवा विरळ म्हणून गाडी आपोआप रिच (हवा कमी, पेट्रोल जास्त) होते, त्यामुळे गडावर जेट सेट करून खाली कोकणात उतरलात तर तिथे लीन सापडाल. सेटिंग नेहमी तुमच्या सगळ्यात खालच्या ठिकाणचं धरा. प्लग बघायचा तो चढावर फुल थ्रॉटलला, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करून, घरी येऊन आयडलिंगवर काळा झालेला प्लग मला दाखवू नका. आणि घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडू नका, पेट्रोल बंद म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही बंद, मधूनमधून थोडी रेस देत उतरा.