जिवाचा घोर

(दृश्य : सकाळ. दोन्ही बाजूंना उभी पऱ्हाटी, मधून जाणारी पांदण. खांद्याला पिशवी लावून चालत येणारी एक बाई.)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. फेब्रुवारी संपत आलाय. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायचं काम, तेही आठ-दहा दिवसांचं. मग मृगापर्यंत हाताला फारसं काही नाही. वेचणीचे पैसे किलोवर, निंदणाचे रोजावर. उद्या काम आहे की नाही, हे आज रात्री कुणी सांगायला आलं तरच कळतं.

याला शहरात टेन्शन म्हणतात. इथली म्हातारी माणसं घोर म्हणतात. जिवाला घोर लागला.

(दृश्य : गोठा. बैलांपुढे कडबा टाकणारा माणूस. चेहरा दिसत नाही.)

हे दादा सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाकडे राबणारे शेतमजूर. सालदाराचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. त्या दिवशी साल ठरतं, उचल मिळते, त्यावर घर चालतं. गावात आता सालदार मोजकेच उरलेत. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. पाडवा महिन्यावर आलाय आणि मालक अजून काही बोललेला नाही.

"मालक नाही म्हनन तं सोसून घेईन, दुसरं घर पाहीन. पन तो काहीच म्हनत नाही ना भाऊ. रात्रभर तेच डोक्स्यात फिरते."

त्यांची बायको सांगते, पंधरा दिवस झाले, ताटावरून अर्ध्या भाकरीवर उठतात. लेकरांवर उगाच खेकसतात. आम्हाला वाटलं होतं, हा माणूस कमी पैशाबद्दल बोलेल. तो पैशाबद्दल एकदाही बोलला नाही.

(दृश्य : तीच बाई ओसरीवर बसते, पिशवीतून रजिस्टर काढते.)

या गावच्या आशाताई. आशा म्हणजे सरकारी योजनेत गावात घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणारी बाई. लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग्यांच्या गोळ्या, सगळं त्यांच्याकडे. २०१५ साली राज्य सरकारनं विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला, तेव्हा शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मनाची विचारपूस करण्याचं कामही आशांकडे आलं. मनाचा आजार हा शब्द ताई तोंडातूनही काढत नाहीत. तो ऐकला की माणूस गप्प होतो. त्या विचारतात, झोप लागते का? जेवन जाते का? कामात मन लागते का? उत्तर ऐकून ज्याला गरज वाटेल त्याला डॉक्टरकडे पाठवतात, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर लिहून देतात.

अशा साध्या बोलण्यानं काय होतं, ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यानं पाहिलंय. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलीच माणसं शिकून घरोघरी गेली. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम ४ मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षानं २७ जण पोचू लागले. मोठं इस्पितळ बांधलं गेलं नव्हतं. ओळखीचं माणूस ओसरीवर येऊन बसलं होतं, एवढंच.

आणि त्या ओळखीच्या माणसाचं काय?

(दृश्य : ताईंचे पाय. धुळीनं भरलेल्या चपला.)

आशा ही योजना २००५ सालची. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. कागदावर ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. मानधन दोन-दोन महिने रखडलं की किराणा उधारीवर. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं शिफारस केली होती की अशा योजनांमधल्या बायांना कामगार म्हणून मान्यता द्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, पुढे मुंबईत आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसल्या, तेव्हा मानधन वाढलं. ताईही गेल्या होत्या. वाढीचा आनंद आहेच. पण कायम होण्याची गोष्ट तिथंच आहे.

"काम बंद होईन असं कोनी म्हनत नाही. राहीन असंही कोनी लिहून देत नाही," ताई म्हणतात. गोठ्यातल्या दादांचंच वाक्य आम्ही दुसऱ्यांदा ऐकत होतो.

(दृश्य : संध्याकाळ. ताईंचं घर. चुलीजवळ उघडं रजिस्टर.)

ताईंचं घर त्यांच्याच हद्दीत येतं. तीन एकर कोरडवाहू, नवरा शेतकरी. म्हणजे या घराची विचारपूसही त्यांनीच करायची. आम्ही विचारलं, झोप लागते का, हा प्रश्न स्वतःला विचाराल तर त्यापुढे काय लिहाल?

ताई पदरानं हात पुसतात. थोडा वेळ काही बोलत नाहीत.

"हाओ, लागते, असंच लिहीन. नाही लिहिलं तं मलेच मले दवाखान्यात पाठवा लागन. मंग त्या दिवशीचं काम कोन करन?"

(दृश्य : रजिस्टर मिटतं. उद्याच्या घरांची यादी पिशवीत जाते.)