वखारीतल्या वह्या

वॉशिंग्टन, १८४२. अमेरिकी नौदलाची नकाशे आणि उपकरणं ठेवायची वखार. तिचा कारभार आला ३६ वर्षांच्या लेफ्टनंट मॅथ्यू फाँटेन मोरी यांच्याकडे. तीन वर्षांपूर्वी ओहायोत घोडागाडीच्या अपघातात त्यांचा पाय कायमचा अधू झाला होता. पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या या दर्यावर्दीच्या नशिबी आता टेबल आलं.

वखारीत जहाजांच्या जुन्या लॉगबुकांचे गठ्ठे पडून होते. सफर संपली की त्या वहीकडे कोण बघतो? मोरींनी बघितलं. कुठल्या दिवशी, कुठल्या जागी वारा कुठून आला, प्रवाहानं जहाज कुठे ओढलं, हे सगळं त्यात होतं. एका वहीत एका कप्तानाचा अनुभव. पण शेकडो वह्यांमधल्या नोंदी एकाच नकाशावर उतरवल्या, तेव्हा समुद्रातल्या वाटा दिसू लागल्या.

१८४७ मध्ये पहिला नकाशा निघाला. ब्राझीलकडे जाणारी जहाजं तिथल्या किनाऱ्याजवळच्या प्रवाहाला भिऊन पार आफ्रिकेच्या बाजूला वळसा घालत. मोरी म्हणाले, वळसा नको, सरळ जा. १८४८ मध्ये बाल्टिमोरच्या एका जहाजानं ते ऐकलं आणि ३८ दिवसांत रिओ गाठलं. एरवी ५५ दिवस लागत.

मग कप्तान स्वतःहून येऊ लागले. सौदा साधा होता: नोंदी आम्हाला द्या, नकाशे फुकट घ्या. १८५३ मध्ये ब्रसेल्सला दहा देश जमले आणि नोंदी एकाच पद्धतीनं ठेवायचं ठरलं. समुद्राचा अभ्यास कुणा एका देशाला झेपणारा नाही, हे मोरींना फार लवकर कळलं होतं.

माणसांच्या बाबतीत मात्र ही नजर चालली नाही. गुलामांसकट मळेवाल्यांना ॲमेझॉनच्या खोऱ्यात वसवावं, असं ते सुचवत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मोरींचं राज्य व्हर्जिनिया देशातून फुटून निघालं, मोरींनी राजीनामा दिला आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बाजूला गेले. जहाजांना सुखरूप वाट दाखवणारा हा माणूस आता विजेनं फुटणारे पाणसुरुंग बनवू लागला. हे सांगायचं टाळलं, तर मोरींची गोष्ट खोटी होईल.

युद्धात हार. मेक्सिको, इंग्लंड, मग व्हर्जिनियात प्राध्यापकी. १८७३ मध्ये लेक्सिंग्टनला मृत्यू.

व्हर्जिनियाच्या राजधानीतला, रिचमंडमधला त्यांचा पुतळा २०२० मध्ये उतरवला गेला. अमेरिकी पायलट चार्टांवर, म्हणजे समुद्रातले वारे आणि प्रवाह दाखवणाऱ्या नकाशांवर मात्र त्यांच्या संशोधनाचं ऋण छापलेलं आहे. तिथे त्यांच्या नावापुढची ओळख आहे, अमेरिकी नौदलातला लेफ्टनंट.