फायबर जोडणारा मुलगा

नमस्कार श्रोतेहो. इंटरनेटमुळे नोकऱ्या येतात म्हटलं की आपल्याला हिंजवडीच आठवते. मी आज खड्ड्याशेजारी बसणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे.

गेल्या पावसाळ्याआधी कोथरूडला आमच्या गल्लीत जेसीबीने ड्रेनेजसाठी खोदलं आणि फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेच्या तारांची केबल, तुटली. डांबर महिन्यापूर्वीच पडलं होतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. अहो, एकदाच खोदून सगळ्यांच्या केबल्स का टाकत नाहीत? असो.

रात्री दहाला एक मुलगा पेटी घेऊन आला. भोर तालुक्यातला, आयटीआय झालेला. फुटपाथवर गोणपाट अंथरून बसला, मी बॅटरी धरली. एकेक तार घ्यायची, वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायची, टोक काटकोनात कापायचं, मशीनमध्ये ठेवायची. स्क्रीनवर दोन्ही टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून काचेला चिकटते. प्रकाश जातो तो आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक! कापलेले तुकडे तो एका बाटलीत टाकत होता. "काका, चप्पल घाला. पायात घुसलं तर दिसतसुद्धा नाही."

आमच्या हिने चहा आणला. "ठेवा काकू, अजून बारा जोडायच्यात."

मी विचारलं, "रोज काम मिळतं का रे?"

"पुण्यात मिळतं की! खोदाई थांबते कुठे?"

मुद्दा हाच आहे, श्रोतेहो. केबल एकदाच पुरतात, दुरुस्ती मात्र कायमची. पुन्हा सांगतो, दुरुस्ती कायमची. भारतनेट, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेण्याची केंद्र सरकारची योजना, तिच्या सुधारित कार्यक्रमाला २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले, त्यात दहा वर्षांची देखभालही धरलेली आहे. गावागावांत घरोघरी जोडण्या देण्याचं काम स्थानिक उद्यमींकडे द्यायचं, अशी योजना आहे. आपल्या पुण्याला हे नवं नाही. देशात टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी पहिली फायबर १९७९ साली इथेच सुरू झाली.

आणि हो, त्या मुलाचं मशीन भाड्याचं होतं. रात्रीच्या मजुरीतला मोठा वाटा भाड्यातच जायचा. ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्या बँकांनी या मशीनलाही द्यावं. भोर, वेल्हा, मुळशीतल्या सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि बँकेच्या साहेबांनाही तिथे बोलवावं.