आजींना घरी ठेवू नका

नमस्कार श्रोतेहो. ऑक्टोबर लागला. आपल्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात मेलबर्नला चारच ऋतू असतात, पण यारा नदीकाठच्या मूळ रहिवासी वुरुंडजेरी लोकांच्या हिशेबात ते सात आहेत. सध्या चालू आहे तो बेडकांच्या पिल्लांचा. मार्चमध्ये वाम माशांचा येतो, तेव्हा वामी अंडी घालायला नदीतून समुद्राकडे निघतात. हे मुलांना पाटी वाचून कळत नाही. डबक्यापाशी उकिडवं बसावं लागतं, आणि सांगणारं माणूस त्या मातीचं असावं लागतं. पुन्हा सांगते, सांगणारं माणूस त्या मातीचं हवं. रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये अ‍ॅबोरिजिनल म्हणजे इथल्या मूळ रहिवासी मार्गदर्शकांबरोबर अशी फेरी करता येते.

गेल्या वसंतात आमच्या मराठी शाळेची पोरं घेऊन आम्ही अशाच एका फेरीला गेलो. वाट दाखवणाऱ्या बाई साठी उलटलेल्या, सगळे त्यांना मानानं आँटी म्हणत. आधी त्यांनी निलगिरीचा ओला पाला घालून स्वागताचा धूर केला, एकेका मुलाला त्या धुरातून चालायला लावलं आणि मगच पुढे नेलं. लोमँड्राच्या बेटापाशी थांबलो. तेच ते लांब पातीचं हिरवं गवत, इथे मेलबर्नला दुभाजकात, कार पार्कच्या कडेला सगळीकडे असतं. आँटींनी एक पात ओढून तिचा पांढरा बुडखा चावायला दिला. "कच्चा मटार!" एक पोरगा ओरडला. मग त्यांनी पिशवीतून भिजवून मऊ केलेले सालीचे धागे काढले आणि मुलांना दोरी वळायला बसवलं.

कुणालाच जमेना. दिलेला पीळ हात काढला की सुटायचा, एक धागा जाड तर दुसरा बारीक. आमच्याबरोबर एक आजी होत्या, सातारा भागातल्या, नातवाला सांभाळायला आलेल्या. इंग्रजी येत नाही म्हणून बाकावर गप्प बसून होत्या. त्या उठल्या, गवतावर पाय पसरून बसल्या, साडी जरा वर सारली आणि दोन धागे पायावर ठेवले. तळहातानं पुढे सरकवले, दोन्हींना पीळ बसला. हात मागे ओढला, तसे दोन्ही एकमेकांत गुंतले. आपण देवापुढच्या वाती वळतो ना, तसाच हात. आँटी बघतच राहिल्या. मग शेजारी बसल्या आणि त्यांनीही पायावर अगदी तसाच हात फिरवला. "अगं बाई, हिला येतंय की!" आजी म्हणाल्या.

मग काय, तासभर दोघी उठल्याच नाहीत. धागा संपत आला की नवा कुठे घालायचा, जाडी एकसारखी कशी राखायची, आजी मराठीत सांगायच्या, आँटी इंग्रजीत. आजी म्हणाल्या, आमच्याकडे वाखाची दोरी, म्हशीला बांधायला. आँटी म्हणाल्या, आमच्याकडे मासे धरायच्या जाळ्याला. मधे बसून दोन्हीकडचं सांगत होता आजींचा नातू, एरवी आजीशी हो-नाहीपलीकडे न बोलणारा. बाकीची पोरं दोघींच्या हातांकडे बघत शिकली. त्या दिवशी दोरी प्रत्येकाला आली.

शनिवार सकाळ सिलेक्टिव्ह, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेच्या क्लासला वाहिलेली घरं मला ठाऊक आहेत. माझं स्पष्ट मत आहे, त्यातला एक शनिवार नदीला द्या. आणि भारताची मॅच बघायला एमसीजीला, मेलबर्नच्या मोठ्या क्रिकेट मैदानावर जाल, तेव्हा बाहेर यारा पार्कात साल काढल्याची खूण असलेला जुना वृक्ष मुलांना दाखवा. अशा सालीच्या होड्या आणि ढाली करत. त्याच मैदानावर 1866 च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे 26 डिसेंबरला, अ‍ॅबोरिजिनल खेळाडूंचा संघ उतरला होता. आपल्या क्रिकेटवेड्या घरांत ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जाण्याआधी दोन गोष्टी. साप आता बाहेर पडायला लागलेत, म्हणून मुलांना बंद बूट घाला. आणि झाडाचं पान मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय तोडायचं नाही, चाखायचंही नाही. विचारल्याशिवाय नाही. नाव नोंदवताना फक्त मुलांची नावं देऊ नका. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांचीही द्या, आणि बसायला एक सतरंजी बरोबर घ्या.