बॅटरी नंतर, आधी सेव्ह

नमस्कार. विषय वाचून आल्या आल्याच दोघातिघांनी विचारलं की गेमचा बॅकअप कशाला घ्यायचा, नेटवर सगळे पडलेत की. बरोबर आहे, म्हणूनच मी आज गेमबद्दल बोलणार नाहीये. गेम म्हणजे रॉम, फक्त वाचता येणारी चिप, तो लाखो कार्टमध्ये, म्हणजे कन्सोलमध्ये घालायच्या कॅसेटमध्ये, बाइट न् बाइट सारखाच असतो, तुमचं पोकेमॉन रेड उद्या जिन्यावरून पडून फुटलं तरी तो गेम काही जगातून जात नाही. पण त्याच कार्टमध्ये अजून एक बारकी चिप असते, ३२ केबीची, आणि तिच्यात तुमची सेव्ह असते, म्हणजे तुम्ही कुठवर खेळलात त्याची नोंद, तिची दुसरी कॉपी कुठेच नाही. कोणी आठवीत असताना चार्मँडरला काय नाव ठेवलं होतं, कुठल्या टीमने पहिल्यांदा लीग जिंकली, ते सगळं तिथे आहे, आणि ते टिकून आहे एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जोरावर.

ही बॅटरी आली कुठून ते आधी थोडक्यात सांगतो. जपानमध्ये १९८३ साली निन्टेंडोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल आला तेव्हा कार्टमध्ये लिहिण्याची सोयच नव्हती, फक्त वाचायचं. गेम मोठे व्हायला लागले तसं एका बसण्यात संपेनात, मग पासवर्ड आले, थांबताना गेम काही अक्षरं द्यायचा, ती पुढच्या वेळी टाकली की तिथूनच पुढे. ड्रॅगन क्वेस्ट २ मध्ये, हा १९८७ चा, पासवर्ड ५२ अक्षरांपर्यंत जायचा, आणि तो जपानी मुलं वहीत हाताने उतरवून घ्यायची. एक अक्षर चुकलं की संपलं. पुढच्याच वर्षी तिसरा भाग बॅटरी घेऊन आला, सगळे खूश, आणि मग ती बॅटरीवाली सेव्ह उडायला लागली. उडाली की गेम सुरू करताना एक भेसूर धून वाजायची आणि स्क्रीनवर यायचं की वाईट वाटतं, पण तुमची अमुक नंबरची साहसाची वही नाहीशी झाली. ती धून ऐकून आजही जपानी चाळिशीवाले दचकतात म्हणे.

अमेरिकेत झेल्डा हा गेम १९८७ मध्ये सोनेरी कार्टमध्ये आला, आत बॅटरी. जपानमध्ये तो एक वर्ष आधी डिस्कवर होता, डिस्कवर लिहिता यायचं म्हणून तिथे बॅटरीची गरजच नव्हती. त्या अमेरिकन कार्टबरोबर एक सूचना यायची की बंद करताना रिसेट दाबून धरा आणि मग पॉवर बंद करा. लोकांना ती अंधश्रद्धा वाटायची. पण त्यामागे साधं कारण आहे, पॉवर जाताना व्होल्टेज हळूहळू खाली येतं आणि त्या मधल्या क्षणात प्रोसेसर भलत्याच पत्त्यावर काहीही लिहू शकतो, रिसेट धरला की तो गप्प बसतो. निन्टेंडोच्याच हातात धरून खेळायच्या गेमबॉयमध्ये हा प्रश्न जास्त हुशारीने सोडवलाय, तिथे सेव्हच्या रॅमला, म्हणजे त्या बारक्या चिपला, कुलूपच आहे, गेमने आधी एका ठराविक पत्त्यावर १० हा आकडा लिहायचा, मग रॅम उघडते, काम झालं की बंद करायची. त्यामुळे भलतंसलतं लिहिलं जायची शक्यता कमी, शून्य नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात बहुतेकांच्या घरी फॅमिकॉमची नक्कल होती, टीव्ही गेम म्हणायचो आपण, कॉन्ट्रा, मारिओ, आणि ९९९९९९ इन १ वाली कार्ट ज्यात खरे गेम मोजून थोडेसेच. त्यात सेव्ह हा प्रकारच नव्हता, आई जेवायला बोलवायची आणि टीव्ही बंद करून गेम पॉज ठेवायचा हीच आपली सेव्ह. त्यामुळे इथे आज जी कार्ट दिसतायत ती जास्त करून कोणाच्या मामाने नाहीतर आत्याने दुबईहून किंवा अमेरिकेतून आणलेली, गेमबॉय कलर आणि ॲडव्हान्सची, आणि २००३ मध्ये पोकेमॉन कार्टून नेटवर्कवर लागल्यावर ज्यांनी हट्ट धरला त्यांची.

आता मुद्द्याचं. सेव्हची चिप एसरॅम असते. तिला वीज मिळते तोवर आठवतं, वीज गेली की विसरली. कन्सोल चालू असताना ती कन्सोलची वीज घेते, बंद केला की आतलं सर्किट तिला बॅटरीवर टाकतं. यातली गोम अशी की बॅटरी मरायला टेकलीय हे खेळताना तुम्हाला कळतच नाही, कारण तेव्हा ती कामावरच नसते. सेव्ह करता, चालू ठेवूनच परत लोड करून बघता, व्यवस्थित आहे, बंद करता, दुसऱ्या दिवशी कंटिन्यू गायब. ३ व्होल्टची बॅटरी असते, बहुतेक एसरॅमना लक्षात ठेवायला २ व्होल्टच्या आसपास पुरतं, त्याच्या खाली आलं की कुठला बिट आधी पडेल सांगता येत नाही.

आणि हो, पोकेमॉन रेडपेक्षा त्याच्या पुढच्या गोल्ड आणि सिल्व्हरच्या बॅटऱ्या आधी मेल्या. रेड जपानमध्ये १९९६ चा, गोल्ड १९९९ चा, तरी नवीन कार्ट आधी गेली, यावर लोक वैतागतात. कारण गोल्डमध्ये घड्याळ आहे. गेममध्ये दिवस-रात्र होते ना, तर कार्ट कपाटात पडलेलं असतानाही आतला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत असतो आणि त्याच बॅटरीतून पितो. त्यात सीआर२०२५ असते, साधारण १६० मिलीॲम्पअवरची, नुसत्या रॅमला ती खूप वर्षं पुरली असती. गंमत म्हणजे सेव्हचे बाइटही बरोबर ३२,७६८ च आहेत. काही संबंध नाही, दोन्ही दोनाचा पंधरावा घात आहेत एवढंच, पण मला आवडतं.

तर काय करायचं. पहिली गोष्ट, जे कार्ट खूप वर्षं पडून आहे ते आधी गेमबॉयमध्ये घालून 'चालतंय का बघू' असं करू नका. मला माहितीये मोह होतो. पण कार्टच्या पिना घाण असतील तर गेम अर्धवट चालू होतो, हँग होतो, आणि ते कुलूप उघडं असताना गडबड झाली तर जे वीस वर्षं टिकलं ते तुमच्या उत्सुकतेने जाईल. त्यापेक्षा इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, ९० टक्क्यांच्या वरचं घ्या, वाळू द्या, आणि सरळ रीडरमध्ये घाला. फुंकर मारू नका, फुंकरीत थुंकी असते, तांबं गंजतं.

रीडर म्हणजे कार्टमधला डेटा कॉम्प्युटरवर वाचून घेणारी, यूएसबीवर चालणारी छोटी वस्तू. गेमबॉय आणि ॲडव्हान्ससाठी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू आहे, त्याबरोबर फ्लॅशजीबीएक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालतं, मी तेच वापरतो. जीबी ऑपरेटर आहे, दिसायला देखणा, सोपा. सुपर निन्टेंडो आणि सेगा मेगा ड्राइव्हसाठी रेट्रोड होता. ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांनी आर्डुइनो मेगा या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवरचा ओपन सोर्स कार्ट रीडर बनवावा, तो खूप प्रकारची कार्ट वाचतो, सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हिंडलात तर बरेचसे मिळतील, कार्टचे स्लॉट मात्र बाहेरूनच मागवावे लागतात. आणि कोणाकडे निन्टेंडोचा जुना डीएस लाइट आणि त्यावर आपले प्रोग्रॅम चालवायचं फ्लॅशकार्ड पडलं असेल तर काही विकत घ्यायची गरजच नाही, खालच्या स्लॉटमध्ये ॲडव्हान्सचं कार्ट घालून जीबीए बॅकअप टूलने सेव्ह काढता येते.

आता इथे एक युक्ती आहे जी लोक करत नाहीत. आधी रॉम वाचा. हो, आत्ताच म्हणालो की रॉमची किंमत नाही, पण रॉमचा हॅश, म्हणजे फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा, सगळ्यांना माहिती असतो, रॉमच्या नोंदी ठेवणाऱ्या नो-इंट्रोच्या यादीत असतो, सॉफ्टवेअर स्वतःच जुळवून दाखवतं. तो जुळला म्हणजे तुमच्या पिना, तुमचा रीडर, केबल सगळं ठीक आहे. सेव्हचा हॅश जगात कोणालाच माहिती नाही ना, मग ती बरोबर वाचली हे कशावरून ठरवणार? रॉम जुळला तर सेव्हवर विश्वास ठेवायला जागा आहे. मग सेव्ह वाचा, कार्ट काढा, परत घाला, परत वाचा, दोन फायली बाइट-टू-बाइट सारख्या आल्या पाहिजेत. घड्याळवाल्या कार्टमध्ये फाईल थोडी मोठी येऊ शकते, ३२,७६८ च्या पुढे ४४ किंवा ४८ बाइट, ती वेळेची नोंद असते, ती दोन्ही वेळा वेगळी येणारच, घाबरू नका. आणि फाईलभर एकच आकडा दिसला तर एकतर बॅटरी केव्हाच मेलीय किंवा कार्टचा प्रकार चुकीचा निवडलाय. तेव्हा आधी प्रकार बदलून बघा, घाई करू नका, आणि रिस्टोरच्या, म्हणजे फाईल उलट कार्टवर लिहायच्या, बटणाच्या आसपासही जाऊ नका, ते बऱ्याचदा बॅकअपच्या शेजारीच असतं, कोणी केलंय हे डिझाइन देव जाणे.

फाईल हातात आली की उघडून बघायची हौस असते. नोटपॅडमध्ये कचरा दिसेल कारण अक्षरांचे आकडे गेमने स्वतःचे ठेवलेत, इंग्रजी रेडमध्ये कॅपिटल ए म्हणजे १२८, बी १२९ असं पुढे, आणि नाव संपलं की ८०. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचे बाइट एकेक दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ९,६२४ व्या बाइटवर गेलात की तिथे तुमचं नाव आहे, जास्तीत जास्त सात अक्षरं. तिथून १३,६०२ पर्यंत मुख्य डेटा, बॅग, पैसे, टीम, आणि १३,६०३ वर एकच बाइट चेकसमचा, म्हणजे डेटा शाबूत आहे का ते पडताळायचा. मधल्या सगळ्या बाइटची बेरीज करून बिट उलटे केले की तो आकडा यायला हवा, नाही आला तर गेम सांगतो की फाईल डेटा नष्ट झालाय आणि मोकळा होतो. म्हणजे एक बिट इकडचा तिकडे झाला तरी अख्खी सेव्ह नापास. पण फाईल हातात असेल तर ती खराब जागा शोधून, चेकसम परत काढून, तीच सेव्ह जिवंत करता येते, कार्टवर ते कधीच जमलं नसतं.

त्याच्या बरंच आधी, १,४३२ पासून, हॉल ऑफ फेम आहे. तुम्ही लीग जिंकलात की त्या वेळची सहाजणांची टीम तिथे लिहिली जाते, नावं आणि लेव्हल, अशा ५० नोंदी मावतात. टीम नंतर तुम्ही बदललीत, सोडून दिलीत, मित्राला ट्रेड केलीत, तरी ती पहिली नोंद तशीच राहते. हा भाग त्या मुख्य चेकसममध्ये धरलेलाच नाहीये, म्हणजे तिथे काही बिघडलं तर गेम बोंब मारणार नाही. मला विचाराल तर अख्ख्या ३२ केबीत सगळ्यात मोलाची जागा हीच आणि नेमकी हिच्यावर पहारा नाही. म्हणून ते दोनदा वाचायचं.

हे झालं की मग बॅटरी. कार्ट उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट नावाचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, ॲडव्हान्सच्या कार्टला तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो. बॅटरीवर नंबर छापलेला असतो तोच घ्या, पण टॅबवाली घ्या, पत्र्याचे पाय आधीच वेल्ड केलेली. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, लिथियम आहे, तापली तर फुटते. आणि टेप लावून भागवायचं जे व्हिडिओत दाखवतात ते दोन महिन्यांत सुटतं. जुनी काढलीत त्या क्षणी रॅम रिकामी झाली असं समजा, मग नवी लावा, कार्टचे स्क्रू परत लावायच्या आधी रीडरमधून सेव्ह परत लिहा, काढून दुसऱ्या दिवशी परत वाचून जुळवा. कन्सोल चालू ठेवून बॅटरी बदलणारे शूर लोक आहेत. बॅकअप असताना ती शूरता कशासाठी ते मला कळलेलं नाही.

ॲडव्हान्सवाल्यांचं थोडं वेगळं. पोकेमॉन रूबी, सफायर, एमराल्ड सुरू करताना येतं ना की आतली बॅटरी संपलीय, त्याने कोणी घाबरू नका, तिथे सेव्ह १२८ केबीच्या फ्लॅशमध्ये आहे, ती वीज नसतानाही आठवते, बॅटरी फक्त घड्याळाची, गेममधल्या बेरी उगवणार नाहीत एवढंच. निन्टेंडो ६४ मध्ये तर गेमगणिक वेगळं, मारिओ ६४ ची सेव्ह ५१२ बाइटच्या ईईप्रॉममध्ये, तिला बॅटरी नाही, ओकारिना ऑफ टाइमला आहे. सेगाच्या सॉनिक ३ मध्ये एफरॅम आहे, १९९४ मध्ये, तीही बिनबॅटरीची. आणि आपल्या बाजारातली ॲडव्हान्सची पोकेमॉन कार्ट बरीचशी डुप्लिकेट असतात, आत सेव्हची चिप वेगळीच, रॉमचा हॅश जुळणार नाही आणि रीडर गोंधळेल. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये सेव्हचा प्रकार हाताने एकेक निवडून बघावा लागतो. कार्ट डुप्लिकेट असलं तरी सेव्ह तुमचीच आहे, ती काढा.

रीडर आणि लॅपटॉप इथे टेबलवर आहे. ज्यांनी कार्ट आणलीत त्यांनी या, गेमबॉयची कार्ट ५ व्होल्टवर चालतात आणि ॲडव्हान्सची ३.३ वर, तेव्हा घालायच्या आधी रीडरवरचं बटण कुठे आहे ते मला विचारा, आणि पेन ड्राइव्ह स्वतःचा आणा, माझा भरलाय.