रात्रपाळीला ठाऊक असलेली योजना

श्रोतेहो, नमस्कार. 9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली, तेव्हा आत 17 बाळे होती. 7 वाचली, 10 गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले, आणि तरीही त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. उपकरणे तपासायलाच हवीत, यात दुमत नाही. परंतु ऐन प्रसंगी कोणी काय करायचे, ही कार्यपद्धती तपासण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

मी अनेक वर्षे सरकारी रुग्णालयांत काम केले. एका ठिकाणी रुजू झाल्यावर आपत्ती व्यवस्थापनाची फाइल मागवली. योजना नेटकी टंकलिखित होती. मात्र तिच्यातील पहिल्या पाच अधिकाऱ्यांपैकी तिघांची बदली झाली होती आणि एक निवृत्त झाले होते. म्हणून माझा आग्रह असा, की योजनेत नाव नको, पद हवे. आणि तेही पाळीनुसार, कारण रात्री दोन वाजता कक्षात बहुधा एक परिचारिका आणि एक कक्षसेवक एवढेच असतात. धूर दिसताच ऑक्सिजनवरच्या रुग्णांना छोट्या सिलिंडरवर घेऊन कक्षाच्या ऑक्सिजन पुरवठ्याची झडप बंद करण्याचा आणि खाटा हलवण्याचा अधिकार त्या परिचारिकेला लेखी दिलेला असला पाहिजे. वरिष्ठांच्या परवानगीसाठी फोन लावत बसण्याची पाळी तिच्यावर येता कामा नये.

मोठ्या अपघातातही हेच. जखमींची लाल (तातडीचे), पिवळ्या (थोडे थांबू शकणारे), हिरव्या (किरकोळ जखमी) आणि काळ्या (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेले) पट्ट्यांनी वर्गवारी दारातच, एकाच अनुभवी व्यक्तीने करावी. नाहीतर चालत आलेला, मोठ्याने ओरडणारा जखमी आधी आत जातो आणि आतल्या आत रक्तस्राव होत असलेला, गप्प पडलेला माणूस मागे राहतो.

रंगीत तालीम बहुतेक ठिकाणी दुपारी, आगाऊ सूचना देऊन होते. आम्ही ती एकदा पहाटे सव्वादोनला, कोणालाही न सांगता घेतली. मागच्या दाराला कुलूप होते, दारापुढे गाद्यांचा ढीग होता, आणि किल्ली दिवसपाळीच्या सेवकाच्या खिशातून त्याच्या घरी गेली होती. दुसऱ्याच दिवशी ते कुलूप काढून आतून ढकलताच उघडणारी दांडी बसवली, गाद्या हलवल्या आणि दर पाळी बदलताना ते दार एकदा उघडून पाहिल्याची नोंद परिचारिकेच्या वहीत होऊ लागली.