ओळख जिल्ह्याची: गडचिरोली आणि एक पावतीपुस्तक

नमस्कार श्रोतेहो. जिल्ह्यांची ओळख करून देणाऱ्या या भाषणमालेत आज पाळी गडचिरोलीची. इतिहास, कारभार आणि लोकसंख्या असे तीन विषय मला दिलेत, आणि वेळ मोजून दिलाय. तिन्ही विषय होतील. पण मध्ये बांबूची एक गोष्ट आहे, ती मी सांगणारच. गडचिरोलीचं नाव निघालं आणि मी ती सांगितली नाही, असं आजवर झालेलं नाही. आमच्या स्टुडिओतल्या मंडळींना ती पाठ आहे, त्यांनी हवं तर चहा पिऊन यावं.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्राचं पूर्वेचं टोक. पश्चिमेच्या अंगाने वैनगंगा वाहते, पुढे वर्धा मिळाली की तिची प्राणहिता होते. दक्षिणेला गोदावरी. इंद्रावती छत्तीसगडाकडून येते आणि तीही गोदावरीलाच मिळते. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल. उत्तरेला कोरची, पार दक्षिणेला सिरोंचा. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता. दोनशेच्या वर, हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

इतिहास भरभर सांगतो. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची जुनी दगडी मंदिरं आहेत. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने केली आहे. मुलूख चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा, अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्यानंतर चारच वर्षांनी मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. १८५७ म्हटलं की आपण मेरठ आणि झाशी धडाधडा सांगतो, चांदा कुणी सांगत नाही. शाळेतल्या पोरांना हे नाव आधी शिकवा, तोफांची नावं नंतर, असं माझं जुनं म्हणणं आहे. असो.

इंग्रजी अमलात इथे जमीनदाऱ्या होत्या, त्यात अहेरीची मोठी. १९०५ मध्ये गडचिरोली तहसील झाली. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्हा तोडून गडचिरोली जिल्हा झाला. पुन्हा सांगतो, २६ ऑगस्ट १९८२. त्याआधी सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम पडलं तर चंद्रपूर गाठावं लागे. राज्य कुणाचंही असो, सरकार लांबच राहायचं.

कारभाराची रचना तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या जिल्ह्यात आहे तशीच. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, बारा तालुके, बारा पंचायत समित्या, साडेचारशेच्या आसपास ग्रामपंचायती. विधानसभेच्या जागा तीन: आरमोरी, गडचिरोली, अहेरी. एक गोष्ट मात्र वेगळी. जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत. कागदावर. हा 'कागदावर' शब्द धरून ठेवा, कारण आता आपण गोष्टीकडे वळतोय.

धानोरा तालुक्यात कठाणी नदीजवळ मेंढा नावाचं गाव आहे. शेजारचं लेखा, म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात. पाचशेच्या आसपास वस्ती, सगळी गोंड. ऐंशीच्या दशकात इंद्रावतीवर आणि गोदावरीवर मोठी धरणं घाटत होती, भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली. त्यांच्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लाल श्यामशहा होते. धरणं थांबली, पण गावागावांत एक घोषणा राहून गेली: 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य. बहुतेक गावांत ती भिंतीवर राहिली. मेंढ्याने ती मनावर घेतली.

मनावर घेतली म्हणजे काय केलं? रोज उठून घोषणा दिल्या नाहीत. बसून अभ्यास केला. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सोबती मिळाला, देवाजी तोफा यांच्यासारखा गावचा माणूस पुढे आला, आणि गावात अभ्यासगट सुरू झाले. वनकायदा काय म्हणतो, निस्तार हक्क, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घ्यायचे गावाचे जुने हक्क, काय आहेत, सगळं वाचायचं आणि बोलायचं. ग्रामसभेत मतदान नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं, एकाला जरी पटलं नाही तरी निर्णय पुढच्या बैठकीवर. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर दहा मिनिटांत मतदान होतं आणि वर्षभर भांडण चालतं. मेंढ्याचा मार्ग मला जास्त वेगवान वाटतो.

गावाने घोटुल, म्हणजे गोंडांच्या तरुण पोरापोरींनी एकत्र जमायचं घर, बांधायला घेतलं. सागवान लागलं, ते जंगलातून आणलं. वनखात्याने येऊन घोटुल पाडलं. मग आजूबाजूची गावंही मेंढ्याच्या पाठीशी उभी राहिली आणि घोटुलं बांधायला लागली. खात्याला माघार घ्यावी लागली. इथपर्यंत ही लढाई सागवानाची होती.

आता बांबू. या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं स्वस्त दरात कागद कारखान्याला जायचा. गावाने त्याला विरोध केला, तोड थांबवली, जंगल राखलं. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. मेंढ्याने सामूहिक वनहक्काचा दावा लावला आणि २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर जंगलाचा हक्क मिळाला. जंगल राखा, वापरा, त्यातलं गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून बाकीचं, विका, असं कायदा म्हणत होता. आणि त्या कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत बांबूचं नाव ठळक आहे.

गावाने म्हटलं, ठीक, बांबू विकू. तर खात्याने सांगितलं, विकता येणार नाही. का? तर १९२७ चा भारतीय वन कायदा बांबूला झाड मानतो. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि लाकडाची वाहतूक करायला खात्याचा परवाना लागतो. या परवान्याला तिकडे सगळे टीपी म्हणतात. टीपीशिवाय ट्रक नाक्यापुढे हलत नाही. थोडक्यात, अंगणातला आंबा तुमचा, उतरवायचा तुम्ही, पण टोपली फाटकाबाहेर काढायला चिठ्ठी शेजाऱ्याची. आता वनस्पतिशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, बांबू गवताच्या कुळातला. गहू, भात, ऊस यांचा भाऊबंद. पण इंग्रजांनी झाड म्हटलं, म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांनंतरही झाडच.

गाव हटलं नाही. कायदा त्यांनी वाचलेला होता. मार्च २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवलं की बांबू गौण वनोपज आहे, तसंच वागा. आणि २७ एप्रिल २०११ रोजी, विदर्भातल्या भर उन्हाळ्यात, ते स्वतः मेंढ्यात आले. सोबत मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. दिल्लीचा मंत्री आणि मुंबईचा मुख्यमंत्री, पाचशे माणसांच्या गावात! तिथे रमेश यांनी टीपीचं पुस्तक देवाजी तोफा यांच्या हातात ठेवलं. परवाना मागायचं पुस्तक नव्हे बरं, परवाना द्यायचं. आजपासून आपल्या बांबूच्या ट्रकला परवाना ग्रामसभाच देणार.

ऐकताय ना? ज्या पुस्तकासाठी माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात, ते पुस्तकच गावात आलं. मेंढ्याची जुनी घोषणा आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. ती दिल्ली-मुंबईच्या सरकारसमोरच खरी झाली. एरवी मंत्री येतात, नारळ फोडतात, कोनशिला लावतात. मला विचाराल तर कोनशिला बंद करून प्रत्येक मंत्र्याने एकेक पावतीपुस्तक देऊन जावं.

पुढे गावाने बांबूची निविदा काढली, विक्री कोटीच्या घरात गेली. हिशेब ग्रामसभेत सगळ्यांसमोर. आणि सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने वनहक्काचे नियम सुधारले: गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देईल. देशभर. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू गेला, पण त्याचा फायदा मुख्यतः जंगलाबाहेर, शेतात बांबू लावणाऱ्यांना. जंगलातल्या गावांच्या कामाचा तो २०१२ चा नियम. २०१२ चा, हे लिहूनच घ्या, कारण अजून कुठल्या तरी नाक्यावर कुणी तरी १९२७ सांगेल.

समोरच्या काचेतून मला हातवारे सुरू झालेत. लोकसंख्या राहिली, ती अशी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२. पुन्हा, दहा लाख बाहत्तर हजार. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया. शहरात राहणारे शंभरात अकरा. अनुसूचित जमातींचे लोक ३८ टक्क्यांच्या वर: गोंड, माडिया, परधान आणि इतर. भाषा म्हणाल तर गोंडी, माडिया, झाडीबोलीतली मराठी, सिरोंच्याकडे तेलुगू, छत्तीसगडी, आणि चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची बंगाली.

झाडीबोलीवरून आठवलं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यातल्या, रंगभूमीचं गाव. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्रभर नाटकं, हजारो प्रेक्षक. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटक मरत चाललं म्हणून पुण्या-मुंबईत परिसंवाद भरतात, त्यांनी एक रात्र गोधडी घेऊन वडशाकडच्या शेतातल्या मंडपात बसावं. आणि गडचिरोलीला 'शिक्षेची बदली' म्हणणाऱ्या साहेबांनाही सोबत न्यावं.

बरं, शेवटचं. २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. प्रगणक दारात येतील तेव्हा मातृभाषेचा प्रश्न विचारतील. घरात गोंडी बोलत असाल तर गोंडी सांगा, माडिया बोलत असाल तर माडिया सांगा, आणि त्यांनी तेच लिहिलंय ना, हे बघून घ्या. पुढच्या भाषणात नंदुरबार. नमस्कार.